डावं इंजिन बंद, उजवा पाय दाबून धर

(दृश्य: म्युझियमचा हॉल, कॅमेरा विमानाच्या शेपटीकडून हळूहळू कॉकपिटकडे)

हे विमान नीट बघून घ्या, कारण पुढचा बराचसा वेळ आपण याच्यातच बसणार आहोत. ग्लॉस्टर मिटिओर, मार्क ७, दोन सीटवालं, शिकवायचं विमान. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरजवळ स्टॅव्हर्टनला जेट एज म्युझियम आहे, तिथे हे उभं आहे, आणि ज्या कंपनीने ते बनवलं तिचा कारखाना इथून फार लांब नव्हता.

मिटिओर म्हणजे ब्रिटनचं पहिलं जेट फायटर. ५ मार्च १९४३ ला पहिल्यांदा उडालं, १९४४ च्या जुलैत हवाई दलात दाखल झालं. पण ती सगळी एका सीटची. हे दोन सीटवालं पहिल्यांदा उडालं १९ मार्च १९४८ ला. म्हणजे मधली चारेक वर्षं जेट उडवायला शिकायचं कसं, तर पुस्तक वाचायचं, कोणीतरी पंखावर उभं राहून कुठलं बटण कशाचं ते सांगायचं, आणि मग काच लावून एकट्यानेच जायचं. त्या हिशोबाने हे विमान आलं तेव्हा सगळ्यांना हायसंच वाटलं असणार, मागे शिकवणारा बसला म्हणजे पोरगं सुरक्षित.

आता ही काच बघा. काच कसली, लोखंडी खिडकीसारखी जाड पट्ट्यांची चौकट आहे, आणि ती मागे सरकत नाही, बाजूला उघडते, कपाटाच्या दारासारखी. आत दोन सीट, एकामागे एक. या सीटखाली काहीच नाही. ओढायला हँडल नाही, वर फेकणारी स्फोटक दारूची नळी नाही, म्हणजे ही इजेक्शन सीट नाही. संकट आलं तर पट्टे सोड, हे दार उघड, ताशी कितीतरी शे मैलांच्या वाऱ्यात स्वतः बाहेर पड आणि पॅराशूट उघडायला पुरेल एवढी उंची उरली असेल तर वाचलास. हे विसरू नका, परत याच सीटकडे यायचंय.

(दृश्य: जुनी कृष्णधवल रीळ, रांगेत उभी विमानं, टोप्या घातलेली पोरं चालत येतायत)

ही रीळ त्या वर्षांची. पांढरी-काळी असल्यामुळे कळत नाही, पण त्या काळी ट्रेनिंगची विमानं चंदेरी असायची आणि त्यावर पिवळे पट्टे. जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनला एकदम जाणवलं की आपल्याकडे जेट उडवणारे पायलट पुरेसे नाहीत. मग धडाधड ॲडव्हान्स्ड फ्लाइंग स्कूल सुरू झाल्या. यॉर्कशायरमध्ये ड्रिफील्डला २०३ नंबरची होती, वर डार्लिंग्टनजवळ मिडलटन सेंट जॉर्जला २०५, यॉर्कजवळ फुल सटनला २०७, आणि अशा अजूनही. यातली बरीच पोरं एकोणीस-वीस वर्षांची, काही तर नॅशनल सर्व्हिसवाली, म्हणजे सक्तीच्या दोन वर्षांच्या नोकरीत विंग, म्हणजे पायलटचा बिल्ला, मिळवायला आलेली. तोपर्यंत ती पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, विमानावर शिकलेली. पंख्याच्या विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, पुढे ढकललं की ओढ लगेच लागते, मागे घेतलं की पंखाच ब्रेकसारखा अडवतो. जेटमध्ये यातलं काहीच नाही. त्या वेळच्या जेट इंजिनाला थ्रॉटल दिलं की ते सावकाश जागं व्हायचं, आणि मागे घेतलं तरी विमान घसरत राहायचं. हातापायांना जी सवय लागली होती तीच इथे दगा देणार होती.

आणि इंधन. मिटिओर एवढं इंधन प्यायचं की तासभर हवेत राहणंसुद्धा मुश्किल. यॉर्कशायरचं हवामान तुम्ही या शॉट्समध्ये बघताय, सकाळी उन्हात निघायचं आणि परत येताना रनवे ढगाखाली गायब. दुसऱ्या विमानतळाचा विचार करायला वेळ कुठे होता.

(दृश्य: परत म्युझियम, विमान समोरून, दोन्ही इंजिनं एका फ्रेममध्ये)

पण मला सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर घालवायचाय, म्हणून कॅमेरा बराच वेळ इथेच ठेवलाय. ही दोन इंजिनं बघा, रोल्स-रॉइसची डरवेंट, एकेकाची ताकद साधारण साडेतीन हजार पौंड. दोन्ही पंखांत आहेत, आणि मधल्या धडापासून किती लांब आहेत बघा. दोन्ही चालू असतील तर विमान सरळ, काही त्रास नाही. आता समजा डावं बंद पडलं. उजवं एकटंच ढकलतंय आणि तेही असं टोकाला बसून, म्हणजे नाक डावीकडे वळणार. ते सरळ ठेवायचं तर उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीतली उभी फळी वळवणाऱ्या पायपट्टीवर. ताकदीचं सगळं काम पायाचं, कारण आतासारखी हायड्रॉलिकची मदत रडरला नव्हती. पाठ सीटला टेकवायची, गुडघा ताठ करायचा आणि धरून ठेवायचं. पाय लटलट कापायला लागतो, तरी सोडायचं नाही. वेग कमी झाला की रडरवरून जाणारी हवा कमी, म्हणजे पाय अजून दाबायला लागतो, आणि मग एक वेग असा येतो की रडर पूर्ण दाबलंय तरी नाक वळतंच. तो वेग प्रत्येकाचा वेगळा, कारण तो पोराच्या पायात किती जोर आहे त्यावर ठरायचा. एखाद्याच्या मांडीतला जोर कमी म्हणून त्याचा धोक्याचा वेग जास्त, असं मोजमाप विमानाच्या बाबतीत मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

याचा सराव करायचा. आधी भरपूर उंचीवर जायचं, एक इंजिन मागे घ्यायचं, दुसरं जोरात ठेवायचं आणि वेग हळूहळू उतरवत स्वतःचा तो आकडा शोधायचा. तिथपर्यंत ठीक, खाली हवा आहे, चुकलं तर वेळ आहे. पुढचा सराव मात्र उतरायचा, एका इंजिनावर. आणि इथे एक गोष्ट अशी होती की त्या काळी शिकवताना इंजिन नुसतं कमी करायचे नाहीत, खरोखर बंद करायचे. म्हणजे पोरगं रनवेकडे येतंय, चाकं खाली, फ्लॅप खाली, वेग उतरतोय आणि एक इंजिन मेलेलं. अंदाज चुकला, रनवेच्या अलीकडेच पडणार असं वाटलं, की हात आपोआप उरलेल्या इंजिनाचं थ्रॉटल पुढे ढकलणार, कारण पंख्याच्या विमानात तेच केलं होतं. आणि त्या वेगात ते एक इंजिन जोरात आलं की विमान मेलेल्या बाजूला वळतं, वळता वळता कलंडतं आणि पाठीवर जातं. त्यातून सुटायचा उपाय काय, तर उरलेलं चांगलं इंजिनसुद्धा मागे घे. जमीन समोर आलीय आणि तू ताकद कमी कर! कोणाचा हात मागे जाईल? आणि गेला तरी खाली दोन-तीनशे फूट उरलेले.

त्या काळचे पायलट सांगायचे की खरंच बंद पडलेल्या इंजिनाने जेवढी माणसं गेली त्याहून जास्त या सरावाने गेली. डरवेंट इंजिन तसं भरवशाचं होतं. ते सहसा बंद पडत नव्हतं, आपण बंद करत होतो. नंतर इंजिन पूर्ण बंद न करता नुसतं मंद ठेवायची पद्धत आली.

(दृश्य: पंखावरचे एअरब्रेक हाताने उघडून दाखवतायत, मग चाकांचा क्लोजअप)

दुसरी गोष्ट छोटी वाटते. हे एअरब्रेक, पंखातून वर-खाली उभे राहणारे. वेग कमी करायला उघडायचे, पण चाकं खाली करायच्या आधी बंद झालेच पाहिजेत. कारण चाकं दोन्ही एकदम खाली येत नाहीत, एक आधी एक मागून, तेवढ्याने नाक जरा वळतं. एरवी शेपटी ते सावरते, पण एअरब्रेक उघडे असले की शेपटीवर जाणारी हवा विस्कटते, मग शेपटीला जोर उरत नाही. विमान वळतं, कलंडतं आणि नाक खाली घालतं, उतरायच्या वाटेवर, हजारेक फुटांवरून. याला फँटम डाइव्ह म्हणायचे, कारण सुरुवातीला लोकांना कळेचना की चांगलं चालणारं विमान असं अचानक का पडतंय. दोन सीटवाल्याला हा रोग जास्त होता. आणि तो त्या काळापुरता राहिला नाही, ३० मे १९८८ ला कॉव्हेंट्रीच्या एअर शोमध्ये हवाई दलाचं जतन केलेलं असंच मार्क ७ याच पद्धतीने पडलं आणि पायलट गेला. जवळपास चाळीस वर्षं जुनं विमान, सगळं माहीत असलेलं.

ब्रिटिश हवाई दलाची एकूण ८९० मिटिओर गेली, ४५० पायलट गेले, एकट्या १९५३ मध्ये १४५ विमानं. यात सगळ्या प्रकारचे अपघात आले, ब्रेकचे, चाकांचे, इंधन संपल्याचे, हवामानाचे, फक्त सरावाचे नाहीत. पायलट लोक याला मीटबॉक्स म्हणायचे, मांसाचा डबा. आपल्याकडे मिग-२१ ला लोक उडती शवपेटी म्हणायचे, आणि शिकायला नीट जेट ट्रेनर नव्हतं हे दुखणं तिथेही होतं, हॉक हे ट्रेनर विमान आपल्याकडे २००८ मध्ये आलं.

(दृश्य: चॅलग्रोव्हचा रनवे, मिटिओर धावत येतंय, आवाज पूर्ण)

आता त्या सीटकडे परत. हे चॅलग्रोव्ह, ऑक्सफर्डशायर, मार्टिन-बेकर कंपनीचं मैदान. २४ जुलै १९४६ ला इथेच बर्नार्ड लिंच नावाचा कंपनीतला फिटर मिटिओरच्या मागच्या जागेतून ८००० फुटांवर, ताशी ३२० मैल वेगात, इजेक्शन सीटवरून बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने धड खाली आला. १९४६. म्हणजे शिकवायचं मार्क ७ पहिल्यांदा उडायच्या दीड वर्षाहून जास्त आधी, आणि तेही मिटिओरमधूनच. लढाऊ मार्क ८ ला ही सीट मिळाली. शिकणाऱ्यांच्या मार्क ७ ला मिळाली नाही, आणि त्या शाळांमधून ते वर्षानुवर्षं तसंच उडत राहिलं.

आणि हे जे आत्ता धावत येतंय ना, हेही मार्क ७ च आहे. मार्टिन-बेकरने कित्येक दशकं सीटच्या चाचण्या घ्यायला हीच विमानं वापरली. नव्या सीट, त्यावर बसवलेले डमी, सगळं याच्या मागच्या जागेतून वर फेकायचं. ज्या जागेत शिकवणारा सुटकेच्या सीटशिवाय बसायचा, तीच जागा.

(दृश्य: टीसाइड विमानतळ, ट्रॉली बॅगा ओढणारे प्रवासी, मग फुल सटन, तारेचं कुंपण)

मिडलटन सेंट जॉर्ज आता टीसाइडचा विमानतळ आहे, लोक सुट्टीला जातात. फुल सटनला आता तुरुंग आहे.

(दृश्य: स्टॅफर्डशायर, आर्म्ड फोर्सेस मेमोरियल, पांढऱ्या दगडाची गोल भिंत)

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिची दुसऱ्या महायुद्धाची तारीख ३१ डिसेंबर १९४७ ला संपते. त्यानंतर जो गेला तो त्यांच्या हिशोबात युद्धातला नाही, त्यामुळे ही पोरं त्या यादीत नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये स्टॅफर्डशायरच्या नॅशनल मेमोरियल आर्बोरेटममध्ये ही भिंत उभी राहिली, सोळा हजारांवर नावं, आणि यात सरावात गेलेलेही घेतले. वर्षावर्षाप्रमाणे कोरलेली आहेत. कारण लिहिलेलं नाही, कोण कोरियात गेला आणि कोण यॉर्कशायरच्या शेतात, नावावरून कळत नाही.

(इथून पुढे निवेदन नाही. हवाई दलाच्या रांगेत १९५१ पासून १९५४ पर्यंत कॅमेरा सावकाश न्यायचा, नावं वाचता येतील एवढ्या वेगाने. म्युझिक लावू नका, वाऱ्याचा आवाज आहे तोच ठेवा.)