चूल रोज पेटते

कोल्हापुरात विद्यापीठाच्या पैशाबद्दल बोलायचं तर सुरुवात बोर्डिंगांपासूनच करावी लागते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. शाहू महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना हात दिला आणि वर दरसालच्या मदतीची सोयही लावली. पोरं राहणार म्हणजे चूल रोज पेटणार, हा हिशेब त्यांनी आधीच केला होता.

मी पाच वर्षं एका सार्वजनिक विद्यापीठाचा कुलगुरू होतो. इथला नव्हे, आधीच सांगतो, नाहीतर उद्या फोन येतील. त्या काळात इमारतीला पैसे मिळाले, यंत्राला मिळाले. इमारतीची फीत कापता येते. भरलेल्या पदाची कुठे कापणार?

रूसातून, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातून, केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस टक्के, असे पैसे आले. त्यातून आम्ही गॅस क्रोमॅटोग्राफ घेतला. द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश तपासायला उत्तम यंत्र. पण ते चालवणारा तंत्रज्ञ निवृत्त झालेला. पद मंजूर, भरतीला परवानगी नाही. यंत्रावर पांढरं कव्हर घातलेलं. आमची एक संशोधक मुलगी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून रात्रीच्या एसटीने नमुने दुसऱ्या शहरात घेऊन जायची. डबा मांडीवर. खाली ठेवला तर बर्फ लवकर वितळतो म्हणे.

आता पैशाची वाट बघा. मंजूर पदांवरच्या माणसांचे पगार शासन देतं. पद रिक्त राहिलं की तो पगार वाचतो. वर्ग मात्र रिकामा ठेवता येत नाही, म्हणून आम्ही कंत्राटी शिक्षक घ्यायचो, स्वनिधीतून. स्वनिधी म्हणजे मुख्यतः परीक्षा शुल्क आणि विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं भरतात ते संलग्नता शुल्क. म्हणजे शासनाने वाचवलेला पगार शेवटी कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलीच्या परीक्षा फीतून निघायचा. तिला हे कोणी सांगत नाही. त्यात कॉलेजं स्वायत्त झाली की परीक्षा त्यांच्याकडे, फीही त्यांच्याकडेच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तर संलग्नताच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. स्वायत्ततेला माझा विरोध नाही, पण आधी हा खड्डा कोण भरणार ते ठरवा.

पहिल्या वर्षी मी तुटीचा तक्ता घेऊन मुंबईला गेलो. समोरचे साहेब पान उलटून म्हणाले, ‘‘ठेवी आहेत ना तुमच्या? मोडा की.’’ आमच्या ठेवींचा आकडा त्यांना माझ्यापेक्षा पाठ होता!

तिसऱ्या वर्षी शहाणा झालो. तक्ता घरी ठेवला. एकच कागद नेला: कुठला विषय, कोण कधी निवृत्त झालं, येत्या जूनला तो विषय कोण शिकवणार. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘कोणी नाही’. खाली तालुकावार विद्यार्थिसंख्या. तोच कागद जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या हातात दिला, सत्ताधारी आणि विरोधी, दोघांच्याही. तुटीवर कोणी प्रश्न विचारत नाही, पण आपल्या तालुक्यातल्या पोरांना शिकवायला माणूस नाही म्हटल्यावर विचारतात. मागितलेल्या पदांपैकी निम्मीही मिळाली नाहीत. तंत्रज्ञाचं मात्र मिळालं.

तो हजर झाला त्या दिवशी मी मुद्दाम प्रयोगशाळेत गेलो. त्याने कव्हर काढलं, मागचं स्टिकर वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘सर, वॉरंटी संपून चौदा महिने झालेत.’’ देखभालीच्या कराराचे पैसे मागायला मी पुढच्या सोमवारी पुन्हा मुंबईची गाडी धरली.