साल कळलं की वाट सापडते : मॉर्मन पूर्वजांच्या मागावर

(दृश्य : नेब्रास्कातलं सपाट माळरान, रेल्वेचे रूळ, बाजूला कुंपण घातलेली एक कबर)

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात स्कॉट्सब्लफ म्हणून एक गाव आहे, तिथे रेल्वेलाइनजवळ एक कबर आहे आणि त्या कबरीवर एक वाकवलेली लोखंडी पट्टी उभी आहे. जरा जवळ जाऊन बघा, ती गाडीच्या चाकाची धाव आहे, आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवतात ना, तशीच. त्यावर ठोकून ठोकून अक्षरं काढलीयत, रिबेका विंटर्स, वय ५०. ऑगस्ट १८५२ मध्ये ही बाई कॉलऱ्याने वाटेतच गेली, बरोबरच्या एका माणसाने जुनी धाव घेतली, तिच्यावर नाव कोरलं, आणि तांडा पुढे निघाला, थांबायला कोणाला सवडच नव्हती. जवळपास पन्नास वर्षांनी रेल्वेचे सर्व्हेवाले तिथे आले, त्यांना ते नाव दिसलं आणि त्यांनी चक्क लाइन थोडी बाजूने नेली. तरी ती कबर रुळांच्या फारच जवळ पडत होती म्हणून १९९५ मध्ये जरा लांब हलवली.

ही मॉर्मन लोकांची युटाला जायची वाट, आणि तिच्यावर असं नाव टिकलेली माणसं फार थोडी. बाकीच्यांच्या डोक्याशी लाकडी फळी होती, तीही दोनचार पावसाळ्यांत गेली. तरीपण आज युटामधली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात की आमची खापरपणजी अमुक साली, अमुक तांड्यातून, अमुक वाटेने आली. हे त्यांना कळतं कसं, ते आपण बघणार आहोत.

(दृश्य : मिसिसिपी नदी, पलीकडे नावू गाव)

आधी थोडक्यात गोष्ट. मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथने १८३० मध्ये सुरू केलेल्या पंथाचे लोक. शेजाऱ्यांशी पटेना, एका राज्यातून दुसऱ्यात हाकलले गेले, शेवटी इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठावर नावू नावाचं शहर वसवलं. जून १८४४ मध्ये जमावाने कार्थेजच्या तुरुंगात घुसून जोसेफ स्मिथला मारलं. मग सूत्रं ब्रिगहम यंगकडे आली, आणि ४ फेब्रुवारी १८४६ ला, ऐन थंडीत, पहिल्या गाड्या नदी ओलांडून पश्चिमेला निघाल्या. नावू ते युटातलं सॉल्ट लेक सुमारे १३०० मैल, म्हणजे २१०० किलोमीटरच्या आसपास. आणि गंमत बघा, ज्या खोऱ्यात हे लोक जुलै १८४७ मध्ये पोचले ते तेव्हा अमेरिकेत नव्हतंच, कागदोपत्री मेक्सिकोचं होतं, आणि प्रत्यक्षात युट आणि शोशोनी या तिथल्या मूळ लोकांचं. ‘ओसाड जमीन’ वगैरे जे म्हणतात ते जरा जपूनच ऐकावं.

१८६९ पर्यंत साधारण ७०,००० माणसं अशी आली.

आता वंशावळीचं एवढं वेड का? तर यांची श्रद्धा अशी की कुटुंब मेल्यावरही एकत्र राहतं, आणि आधी होऊन गेलेल्या पूर्वजांसाठी जिवंत वंशज मंदिरात जाऊन त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घेऊ शकतो. पण त्यासाठी पूर्वजाचं नाव, तारीख, गाव सगळं लागतं. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी वंशावळीची संस्थाच काढली, नंतर जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म केली, आणि ती रिळं सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात बोगदे खोदून ठेवलीयत. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म यांनी करून ठेवलीय! आज यातलं बरंच काही फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघता येतं, धर्म कुठलाही असो.

बरं, आता मुद्द्याचं. ‘मॉर्मन ट्रेल’ म्हटलं की नकाशावर एकच लाल रेघ काढतात, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. कारण वाट एक नव्हती. दरवर्षी निघायचं बंदर वेगळं, उतरायचं बंदर वेगळं, गाड्या जुंपायचा तळ वेगळा. म्हणून या कामातली मुरलेली माणसं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात साल कोणतं. साल हातात आलं की अर्धी वाट आपोआप उलगडते.

१८४६ साल असेल तर माणूस नावूहून निघालाय आणि आयोवाच्या चिखलात अडकलाय. तीनेकशे मैलांना ब्रिगहम यंगच्या लोकांना चार महिने लागले, पाऊस, चिखल, उपासमार. त्या वर्षी पुढे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मिझुरी नदीच्या काठावर विंटर क्वार्टर्स नावाची वस्ती केली, आजच्या ओमाहा शहरात येते ती जागा. तिथल्या हिवाळ्यात शेकड्यांनी माणसं गेली. तुमच्या वंशावळीत १८४६-४७ च्या मध्ये दोनतीन लहान मुलांच्या नोंदी एकदम थांबल्या असतील तर आधी तिथली दफनाची यादी बघायची.

१८४७ मधला पहिला जथा सगळ्यात चांगला नोंदवलेला आहे. १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं. यात विल्यम क्लेटन नावाचा कारकुनी डोक्याचा माणूस होता. रोज किती मैल झाले यावर लोक अंदाजपंचे बोलायचे, त्याचं डोकं फिरायचं. मग त्याने एका गाडीचं चाक मोजलं, १४ फूट ८ इंच घेर, म्हणजे ३६० फेरे झाले की बरोबर एक मैल. चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर गाडीशेजारी चालत फेरे मोजत बसला, ४,०७० फेरे, सव्वा अकरा मैल आणि वर वीस फेरे! दुसऱ्या दिवशी असं मोजायची हौस कोणाला राहील? त्याने यंत्र बनवा म्हणून भुणभुण लावली, ऑर्सन प्रॅटने डिझाइन दिलं, ॲपलटन हार्मनने लाकडी दातेरी चाकं कोरून यंत्र केलं. त्या मोजमापावरून क्लेटनने १८४८ मध्ये वाटाड्या पुस्तिका छापली, कुठे ओढा, कुठे चारा, कुठे चढ. म्हणूनच आज एखाद्याच्या डायरीत ‘अमुक ओढ्यावर मुक्काम’ एवढं जरी सापडलं तरी नकाशावर बोट ठेवता येतं.

याच जथ्यात तीन कृष्णवर्णीय गुलामही होते, ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी. सॉल्ट लेकच्या स्मारकावर त्यांची नावं आहेत, पण ‘नोकर’ म्हणून. त्यांच्या वंशजांना माग काढायचा तर पुष्कळदा मालकाच्या कागदांतूनच जावं लागतं.

(दृश्य : जुन्या जहाजाचं चित्र, मग कीओककचा नदीकाठ)

आता समजा पूर्वज डॅनिश आहे आणि साल १८५३. मग तो बहुतेक फॉरेस्ट मोनार्क जहाजावरचा. जवळपास ३०० स्कँडिनेव्हियन लोक कोपनहेगनहून जर्मनीमार्गे इंग्लंडात हल, तिथून लिव्हरपूल, जानेवारीत जहाज, थेट न्यू ऑर्लिन्स, मग वाफेच्या बोटीने मिसिसिपी वर सेंट लुइस आणि कीओकक, आणि तिथून गाडी. तिथल्या शोधातली खरी डोकेदुखी आडनावाची. बापाचं नाव येन्स तर पोरगा येन्सन, येन्सचा बाप हान्स असेल तर येन्स स्वतः हान्सन, म्हणजे बापलेकाचं आडनावच जुळत नाही! युटात आल्यावर सगळ्यांनी एकेक आडनाव पकडून ठेवलं, आणि एकेका गावात येन्सनच येन्सन झाले. तिथे नावाने शोधलं तर गेलातच, जन्मगावाने शोधायचं.

१८५५ नंतर न्यू ऑर्लिन्स बंद. नदीवर कॉलरा आणि पिवळा ताप, बोटीत माणसं मरत होती, म्हणून जहाजं न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाला लागायला लागली आणि तिथून रेल्वेने जमेल तितकं पश्चिमेला.

आणि मग १८५६. हातगाड्यांचं साल.

बैल आणि गाडी घ्यायला गरिबांकडे पैसे नाहीत, पंथाच्या मदतनिधीतही खडखडाट, म्हणून ठरलं की माणसांनीच गाडी ओढायची. मोठ्या माणसाला सामान फक्त १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आत कपडे, अंथरूण, भांडी सगळं आलं. गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत आकसल्या, चाकं कुरकुरायला लागली. पहिले तांडे वेळेत गेले. पण विली आणि मार्टिनचे तांडे, दोन्ही मिळून हजारावर माणसं, आयोवा सिटीहून जुलैत निघाले, म्हणजे फारच उशिरा. फ्लॉरेन्सला, म्हणजे जुन्या विंटर क्वार्टर्सच्याच जागी, लेव्हाय सॅव्हेज नावाच्या माणसाने उभं राहून सांगितलं की आता जाऊ नका, म्हातारी आणि पोरं मरतील. कोणी ऐकलं नाही, तर तोही त्यांच्याबरोबरच गेला. ऑक्टोबरमध्ये वायोमिंगच्या पठारावर बर्फाने गाठलं. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या धावल्या तरी २०० हून जास्त माणसं गेली. याला नशीब किंवा श्रद्धेची परीक्षा म्हणणारे पुष्कळ आहेत, मला विचाराल तर ही सरळसरळ नियोजनाची चूक होती आणि तिची किंमत ओढणाऱ्यांनी मोजली.

पण एक सांगतो. १८५६ ते १८६० मिळून हातगाडीचे तांडे फक्त दहा, माणसं सुमारे ३,०००. म्हणजे सत्तर हजारांतले पाच टक्केसुद्धा नाहीत. आणि घराघरात विचाराल तर प्रत्येकाची पणजी हातगाडी ओढतच आलेली असते! घरची गोष्ट खोटी म्हणू नये, पण तांड्याच्या यादीशी ताडून बघावी. चर्चच्या इतिहास विभागाचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात माणसाचं नाव टाकलं की तांडा, निघण्याची तारीख, पोचण्याची तारीख येते, आणि नशीब असेल तर त्याच तांड्यातल्या दुसऱ्या कोणाची डायरीही सापडते. आपल्या पूर्वजाला लिहिता येत नव्हतं तरी शेजारच्या गाडीतल्याला येत असायचं, ही फार मोठी सोय. याद्या सगळ्याच तांड्यांच्या पूर्ण नाहीत, ते धरून चालायचं. आणि १८५६ च्या युटाच्या शिरगणतीवर तर मुळीच विसंबू नका, आकडा फुगवायला त्यात मेलेल्यांची आणि तिथे न राहणाऱ्यांचीही नावं घुसवलीयत.

आणखी एक खड्डा. १८६४ ते १८६६ च्या कागदात ‘वायोमिंगहून निघाले’ असं दिसलं की लोक वायोमिंग राज्यात शोधत बसतात. ते राज्य नव्हे, नेब्रास्कात मिझुरीच्या काठावर वायोमिंग नावाचं छोटंसं गाव होतं, तिथे तेव्हा तळ होता. त्या काळात युटातूनच वसंतात बैलगाड्या निघायच्या, नव्या लोकांना घेऊन शरदात परत यायच्या.

काही जण तर ही वाट चाललेच नाहीत. ब्रुकलिन जहाजाने १८४६ मध्ये न्यूयॉर्कहून निघून केप हॉर्नला वळसा घालून लोक आजच्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. आणि आपल्याकडचा धागा सांगायचा तर स्कॉटलंडचा ह्यू फिंडले १८५२ मध्ये या पंथाचा प्रचारक म्हणून मुंबईत आला, मग पुण्याच्या कॅम्पात जाऊन बसला. हाती फारसं काही लागलं नाही, जे मिळाले ते बहुतेक गोरेच. कलकत्त्याच्या लष्करातला मॅथ्यू मॅक्यून मात्र कुटुंबकबिल्यासह न्यूयॉर्कमार्गे १८५७ मध्ये युटाला पोचला. त्याचा १८४९ मध्ये कलकत्त्यात जन्मलेला मुलगा आल्फ्रेड पुढे खाणी आणि रेल्वेत गबर झाला, सॉल्ट लेकमध्ये त्याचा वाडा अजून उभा आहे. म्हणजे युटातल्या एखाद्याची वंशावळ काढता काढता कलकत्त्याचा फोर्ट विल्यम निघू शकतो.

(दृश्य : प्रोमोंटरी, समोरासमोर उभी दोन इंजिनं)

१० मे १८६९ ला युटामध्येच प्रोमोंटरीला पूर्वेची आणि पश्चिमेची रेल्वे जोडली गेली आणि तांड्यांचं काम संपलं. १९०१ मध्ये स्थापन झालेली ‘डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स’ ही बायकांची संघटना आजही सभासद करून घेताना हीच तारीख लावते, पूर्वज त्याआधी आलेला असला पाहिजे, कागदानिशी. एप्रिलमध्ये पोचला तर पायोनियर, जूनमध्ये डब्यात बसून आला तर नाही. त्यामुळे १८६९ सालचा पूर्वज निघाला की त्या घरात वर्ष सापडून भागत नाही, महिना शोधायला बसतात.