बैलाच्या डोळ्यांत पाणी आणू नका

मंडळी, कथेतला बैल मेला की वाचकाचा घसा दाटून यावा, असं लिहिणाऱ्याला वाटणारच. मग बैलाच्या डोळ्यांतून पाणी काढलं जातं. ते टाळा. गुरांचे डोळे धुळीनं वाहतात, माशांनी वाहतात, आजारानंही वाहतात. ज्यानं गोठा पाहिलाय, त्याला त्या वाक्यावर ढोरांचा डॉक्टर आठवतो. खरं दुखणं रवंथात दिसतं. धडधाकट बैल दिवसाचे सात-आठ तास रवंथ करतो, त्यातला बराचसा रात्री. मध्यरात्री गोठ्यातला तो आवाज थांबतो आणि मालक अंथरुणावर उठून बसतो. एवढं लिहिलंत तरी पुरे.

जनावराबद्दल माया वाटते ती त्याला काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नाही म्हणून. हे हवं असणं जनावराच्या मापाचं असू द्या: पाणी, जोडीदार, ओळखीचा वास. रशियन लेखक चेखॉव्हच्या १८८७ सालच्या कथेतली कुत्री, काश्तान्का, सुताराच्या घरातली. तिथला पोरगा मांसाचा तुकडा दोरीला बांधून तिला गिळायला लावतो आणि परत ओढून काढतो. पुढे ती हरवते, दुसऱ्या घरी तिला पोटभर मिळतं. तरी जुन्या घराची आठवण आली की तिला लाकूड चिकटवायचा सरस, रंधा मारताना निघालेला भुसा आणि व्हार्निश यांचा वास येतो, आणि जुना मालक दिसताच ती त्याच्याकडेच धावते. ‘निष्ठा’ हा शब्द लेखकाला लिहावाच लागत नाही.

प्राण्यानं स्वतः गोष्ट सांगितली तर चालतं का? चालतं, पण त्याला शरीराबाहेर जाऊ देऊ नका. ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) ही कादंबरी घोड्याच्या तोंडून येते. त्या काळी डौलासाठी घोड्याची मान आखूड लगामानं वर ताणून बांधत. घोडा सांगतो की चढावर मान पुढे घालून जोर लावायचा असतो. ती वर बांधली की सगळा ताण पाठीवर आणि पायांवर येतो. वाचकाची मान तिथे आपोआप ताठते. हीच तक्रार निवेदकानं भाषण करून सांगितली असती तर पान उलटलं गेलं असतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते क्रूर माणसाच्या चित्रणात. मालक नुसता राक्षस केला की बैल बाहुला होतो. बंगाली लेखक शरच्चंद्रांच्या ‘महेश’ या कथेतला गफूर गरीब विणकर. दुष्काळात तो स्वतःच्या छपराचा पेंढा उपसून आपल्या बैलाला, महेशला, घालतो. रणरणत्या उन्हात त्याची मुलगी मुश्किलीनं मिळालेली घागर घेऊन येते. तहानलेला महेश तिला पाडतो, घागर फुटते आणि तो जमिनीवरचं पाणी शोषू लागतो. गफूरचं भान सुटतं. हाताशी पडलेला नांगराचा सुटा भाग तो महेशच्या डोक्यावर हाणतो. तहान दोघांचीही खरी, म्हणून ते पान सोसवत नाही. पेंढ्याचा प्रसंग काढून टाका, उरतो फक्त एक खून.

प्राण्याला माणसासारखं न वागवताही हे साधतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीत वानरांची टोळी आहे, तिथली हिंसा वानरांचीच आहे, आणि तिला कुणी माफी मागायला लावत नाही.

बैलावर लिहिणार असाल तर पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी जवळून पाहा. तूप-हळद चोळणारा तळवा राठ झालेल्या कातड्यावर कुठे अडतो, खांदेसूज असेल तिथे बैल कसा अंग चोरतो. मग जोडी फोडा. डावीकडचा बैल वर्षानुवर्षं डावीकडेच जुंपलेला. जोडीदार गेल्यावर मालक सवयीनं जू उचलतो. बैल दावणीवरून येतो, डाव्या अंगाला उभा राहतो, मान खाली घालतो. उजवीकडची जागा मोकळी. आता बैलाला काहीही वाटू देऊ नका. मालक जू हातात धरून किती वेळ उभा राहतो, तेवढं लिहा.