पाठ केलेल्या प्रार्थनेची बाजू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘एकाकी काळात देवाशी संपर्क’. विषय मी बदलत नाही, फक्त त्यात माझं एक जुनं भांडण घुसवणार आहे. आजारात, कैदेत, दुःखात माणूस एकटा पडतो तेव्हा त्याला तारून नेते ती पाठ केलेली प्रार्थना, उत्स्फूर्त नव्हे, असं माझं ठाम मत आहे. काहींच्या भुवया वर गेलेल्या दिसतात. बरं झालं, म्हणजे जागे आहात.

जो भेटतो तो सांगतो, ‘घोकंपट्टी कशाला? मित्राशी बोलावं तसं मनापासून बोला देवाशी.’ मला एकदा ऑपरेशननंतर संसर्गाच्या भीतीने वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. तोंड झाकलेली माणसं यायची, सुई टोचून जायची. कोण कोण ते कळायचं नाही. अशात एका हितचिंतकांचा फोन आला. देवाशी मोकळेपणाने कसं बोलावं हे त्यांनी मला पाऊण तास समजावलं. पाऊण तास! मला हुंकारापुरतीही जागा सोडली नाही. फोन ठेवला आणि म्हटलं, करून तर बघू. डोळे मिटले, ‘देवा’ म्हटलं. पुढचं वाक्य निघालं ते सलाइनची बाटली वेळेवर बदलत नाहीत याबद्दल. त्यापुढचं शेजारच्या खोलीतल्या टीव्हीबद्दल. मग बिलाबद्दल, त्यावर तर मी चांगलाच रंगलो. देव कधीच बाजूला पडला होता, तक्रार निवारण कक्ष तेवढा चालू होता. हसा, हसा, तुमचंही याहून वेगळं होत नसणार.

मग लहानपणी झोपताना आई म्हणवून घ्यायची ती चार ओळींची प्रार्थना पुटपुटलो. अर्थाकडे फारसं लक्ष नव्हतं. पण त्या ओळींत प्रवासात असलेले होते, दुखण्याने पडलेले होते, ज्यांच्याशी आपलं वाकडं आहे तेही होते. त्या खोलीत दिवसभरात पहिल्यांदाच माझ्याखेरीज कोणीतरी आलं.

आता माझ्यापेक्षा वजनदार साक्षीदार आणतो. टेरी वेट हे कँटरबरीच्या आर्चबिशपांचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंचे, तेव्हाचे दूत. जानेवारी १९८७ मध्ये ओलिसांच्या सुटकेची बोलणी करायला ते बैरूतला गेले आणि स्वतःच ओलीस झाले. १,७६३ दिवस! त्यातली जवळजवळ चार वर्षं एकांतवासात, साखळीने बांधलेले. त्या काळात त्यांनी आधार घेतला तो पाठ असलेल्या जुन्या प्रार्थनांचा. स्वतःच्या शब्दांत मागायला बसलो तर ‘देवा, मला सोडव’ एवढंच उरेल, ही त्यांची धास्ती. अंधाऱ्या जिन्यात पायरी दिसत नाही तेव्हा कठडा हाताला लागतो, तशी ही पाठ प्रार्थना. कठडा आपण बांधलेला नसतो. म्हणून तर त्यावर भार टाकता येतो.

नाझींनी कैदेत टाकलेले जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर यांचंही तेच. १९४३ च्या नाताळात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहून काढल्या. एवढे मोठे धर्मशास्त्रज्ञ, पण ‘मनाला येईल ते म्हणा’ असं सांगून मोकळे झाले नाहीत. आणि त्याही मागे जायचं, तर क्रुसावरचा येशू. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश म्हणजे बायबलमधल्या २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. त्या घटकेला त्याच्याही तोंडी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेलेच शब्द आले.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? अहो, ‘संपर्क कसा ठेवावा’ हे तर अजून सुरूच व्हायचंय! बरं, पळतो.

रागाचं काय, असं कोणीतरी विचारणारच. राग पाठ प्रार्थनेतही आहे, आपल्यापेक्षा जास्त आहे. ८८ वं स्तोत्र सुरू होतं आक्रोशाने आणि संपतं अंधारात. शेवटी दिलासा चिकटवलेला नाही. आपले तुकोबा तर ‘माझे लेखी देव मेला’ म्हणून गेले, आणि तेही अभंगात, छंद सांभाळून. तेव्हा देवावर खुशाल चिडा, पण त्यासाठीही चार ओळी पाठ असू द्या.

वेळ ठरलेली हवी. बायबलमधला दानिएल दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकायचा. राजाने बंदी घातली तरी त्याने वेळापत्रक बदललं नाही. प्रार्थना छोटी हवी. संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी घालून दिलेल्या नियमात आठवड्याला १५० स्तोत्रं सांगितली आहेत, ती मठवासीयांना लखलाभ. तापाने फणफणलेल्याला दोन ओळी पुष्कळ. ओठ हलवून म्हणा, मनातल्या मनात म्हटलेलं कुठे भरकटतं ते मघाशी ऐकलंतच. मन लागत नसेल तर न लागताच म्हणा. आणि पाठांतर आत्ता करा, धडधाकट असताना. पलंगाला खिळल्यावर पुस्तक हातात धरवत नाही.

हो, हो, थांबतो. एकच राहिलं, बाहेर असणाऱ्यांसाठी. तुमचं माणूस असं एकटं पडलं असेल तर फोनवर उपदेश करू नका. त्याला पाठ असलेली प्रार्थना काढा. एक ओळ तुम्ही, एक ओळ त्याने. त्याला बोलवत नसेल तर दोन्ही तुम्हीच म्हणा.