कोयत्याचा वण आणि लेझर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आषाढात बालाघाटाच्या डोंगराकडची एक ऊसतोड करणारी ताई माझ्याकडे आली. डाव्या मनगटावर कोयत्याचा वण. बोटभर लांब, लालसर, सुतळीसारखा टणक. बोलता बोलता तिनं तो तीनदा पदराखाली घेतला. "म्याडम, हे पुसून जाईल का वो?"

मी खरं तेच सांगितलं. वण पुसला जात नाही. पण तो सपाट होतो, लाली उतरते, खाज कमी होते. आणि ओढलेलं कातडं मऊ पडलं की मूठ मोकळी वळते.

वण लाल असेल तर पल्स्ड डाय लेझर वापरतात. त्याचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि वणातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. जाड, ताठर वणाला फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. तो कातडीत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी छिद्रं पाडतो, मधली कातडी मात्र शाबूत ठेवतो. तिच्याच आधारानं छिद्रं भरतात आणि आत कोलॅजनची, म्हणजे कातडीला बळ देणाऱ्या धाग्यांची, नवी, नीट वीण बसते. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेत शोधला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्यात! हे सांगताना मला दरवेळी अभिमान वाटतो.

एका बैठकीत भागत नाही. महिना-दीड महिन्याच्या अंतरानं तीन-चार तरी लागतात, कधी जास्त. आणि जखमेच्या हद्दीबाहेर पसरत जाणारी गाठ, म्हणजे केलॉइड असेल, तर नुसत्या लेझरवर विसंबू नका. तिथं गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यावं लागतं. टाके निघून जखम पूर्ण भरली की सिलिकॉनची पट्टी लावायला लागा, ती स्वस्तात पडते. बिब्बा, चुना मात्र कृपा करून लावू नका. बिब्ब्यानं भाजून आलेले वण मी फार पाहिलेत.

मला खरी धास्ती असते ती आपल्या उन्हाची. आपल्या सावळ्या कातडीला लेझरनंतर ऊन लागलं की तिथं काळा डाग धरतो आणि महिनोन् महिने हटत नाही. म्हणून ताईच्या तीन बैठका पावसाळ्यातच उरकल्या, दिवाळीनंतर टोळी निघायच्या आत.

शेवटच्या खेपेला तिनं मूठ घट्ट वळून दाखवली. वण होता, पण फिकट. फडात ती साडीवर नवऱ्याचा शर्ट घालते. त्याची बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावायचंच, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.