ल्युबेक: चित्रं सोडा, वीट पाहा

उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरातल्या सेंट मेरी चर्चचं नाव काढलं की हमखास कुणीतरी विचारतं, ‘ते खोट्या चित्रांचं ना?’ माझी तक्रार तीच आहे. पण विषय निघालाच आहे, तर एकदा सांगून टाकतो.

मार्च १९४२च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं. आगीच्या धगीनं चुन्याची पुटं गळाली आणि खालची मध्ययुगीन चित्रं अंधुक दिसू लागली. १९४८ पासून जीर्णोद्धारक डीट्रिश फाय यांनी ती ‘वाचवायला’ घेतली. मचाणावर कुंचला मात्र चित्रकार लोथार माल्स्काटच्या हाती. मुख्य दालनात त्यानं जुन्या खुणांवर हात फिरवला, वेदीकडच्या उंच भिंतींवर तर अख्खे संत नव्यानं रंगवले. १९५१ मध्ये चर्चच्या ७०० व्या वर्षाच्या सोहळ्याला पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर आले, टपाल खात्यानं तिकिटं काढली. पुढच्याच वर्षी माल्स्काट म्हणाला, ‘हे माझं काम आहे.’ कुणी ऐकेना! शेवटी त्यानं वकिलामार्फत स्वतःविरुद्धच तक्रार दिली. त्याला १८ महिने, फायना २० महिने. श्रेयासाठी तुरुंग पत्करणारा कलावंत विरळा. (हसा, पण घड्याळ बघत हसा. संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे.)

तर वीट. इथे दगडाची खाण जवळ नाही. हिमयुगानं मागे ठेवलेली चिकणमाती आणि ग्रॅनाइटचे गोटे, एवढंच. साधारण २८ × १४ × ९ सेंटिमीटरची वीट. माती हिवाळाभर उघड्यावर ठेवायची म्हणजे गारठ्यानं ढेकळं फुटतात. मग मळून लाकडी साच्यात दाबायची. वाळताना आणि भाजताना ती आटते, म्हणून साचा मुळात मोठा. खिडक्यांच्या गोलाईच्या विटाही भट्टीत जाण्याआधीच घडवायच्या. घाईनं वाळवली तर वीट तडकते. कच्ची राहिली तर पाणी पिते आणि गोठणाऱ्या थंडीत तिचा पापुद्रा सुटतो.

भिंत म्हणजे विटांचे दोन पडदे, मध्ये गोटे, तुकडे आणि चुना. बाहेरून दोन विटा लांबीनं, मग एक आखूड तोंडानं. ही आखूड वीट आत घुसून पडदा गाभ्याला बांधते. ती कमी पडली की दर्शनी भिंत फुगते. आजचे कंत्राटदार विटांमधले सांधे सिमेंटनं भरतात, तेव्हा ओल सांध्यातून बाहेर पडायची वाट बंद होते आणि विटेचाच चेहरा फुटतो. चुनाच हवा.

आता मुद्दा, पळत. विटेत फ्रेंच कॅथीड्रलसारखी नाजूक मूर्ती कोरता येत नाही. म्हणून गवंड्यांनी कोरीवकामाऐवजी आंधळे (आरपार नसलेले) कोनाडे, काळ्या झिलईच्या विटांचे पट्टे आणि उंची यांवर भर दिला. सेंट मेरीचं मधलं छत ३८.५ मीटर, विटेच्या घुमटाकार छतांत जगात सर्वांत उंच. मनोरे सुमारे १२५ मीटर. टाउन हॉलच्या उंच दर्शनी भिंतीला गोल भोकं ठेवली, म्हणजे समुद्रावरचा वारा आरपार जातो. याला गरिबाचा दगड म्हणू नका. शहराच्या जुन्या वेशीचे, होल्स्टन दरवाजाचे, बुरूज दलदलीत कसे खचले, ते प्रश्नोत्तरांत विचारा.