वारूळ, काडी आणि आई

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

धानाची चुरणी नुकतीच आटोपली आहे आणि थंडीही चांगलीच पडली आहे, तरीही तुम्ही घोंगड्या गुंडाळून इथे बसलात, याबद्दल आधी आभार मानतो. विषय आफ्रिकेतल्या चिंपांझींचा असला तरी सुरुवात मी आपल्या जंगलाच्या कडेपासून करणार आहे. नागझिऱ्याकडच्या वाटेवर फोडलेले वारूळ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ते अस्वलाचे काम. लांब नखांनी ते वारुळाला भगदाड पाडते, फुंकर मारून माती उडवते, नाकपुड्या मिटून घेते आणि लांब ओठांची नळी करून उधई आत ओढते. त्याला वरचे मधले दोन दात नसतात आणि त्या फटीतून ओढणे सोपे जाते. तो भात्यासारखा आवाज रात्री रानात लांबवर ऐकू येतो.

आता हेच वारूळ चिंपांझीपुढे ठेवा. त्याला तशी नखे नाहीत, मिटणाऱ्या नाकपुड्या नाहीत आणि पुढचे सगळे दात जागच्या जागी आहेत. नोव्हेंबर १९६० मध्ये, आजच्या टांझानियातल्या गोम्बे इथे, जेन गुडाल या तरुणीने एका नर चिंपांझीला वारुळाशी बसलेले पाहिले. त्याच्या पांढरट हनुवटीमुळे तिने त्याचे नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवले होते. तो गवताची काडी वारुळाच्या भोकात सरकवत होता, थोडे थांबून हलकेच बाहेर काढत होता आणि काडीला चिकटलेली उधई ओठांनी टिपत होता. उधईतले सैनिक परक्या वस्तूला कडकडून चावतात आणि सोडत नाहीत, या त्यांच्याच शूरपणावर ही सगळी युक्ती उभी आहे. पुढे तिला असेही दिसले की पानांची डहाळी हाती आली तर चिंपांझी आधी तिची पाने ओरबाडून काढतात. याचा अर्थ, ते सापडलेली काडी वापरतात एवढेच नव्हे, तर तिला कामाजोगी करून घेतात. त्या काळी ‘अवजार घडवतो तो माणूस’ अशी व्याख्या शिकवली जात असे. गुडाल यांना तिथे पाठवणाऱ्या लुई लीकी यांनी ही बातमी कळताच उलट तार केली. तिचा आशय असा होता की आता अवजाराची व्याख्या बदला, माणसाची बदला, नाहीतर चिंपांझींना माणूस म्हणा.

ही गोष्ट सांगताना एक पान मात्र गाळले जाते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लायबेरियातले चिंपांझी दगडाने कवचीची फळे फोडतात, हे १८४४ मध्येच छापून आले होते आणि तिथल्या रानात राहणाऱ्या लोकांना तर ते त्याच्याही आधीपासून ठाऊक असणार. तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या आपल्या माणसांना अस्वलाविषयी जे ठाऊक असते ते पुस्तकात यायलाही असाच वेळ लागतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अवजार म्हटले की आपण लगेच बुद्धीकडे उडी मारतो, ती उडी थोडी आवरू या. झाडाची पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या तुम्हाला माहीत आहेत. मोहाखाली त्यांचा प्रसाद मीही घेतलेला आहे. काही मुंग्या दोन पाने ओढून कडेला कड भिडवतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या जबड्यात धरून आणतात, त्यांच्यातून निघणारा रेशमाचा धागा या कडेवरून त्या कडेवर फिरवतात आणि शिवण घालतात. कोसा विणणारा कोष्टी धोटा फिरवतो, तशी मुंगी अळी फिरवते. अवजाराच्या काही व्याख्यांत ही मुंगीही बसते. पण हे काम तिला कोणी शिकवलेले नसते आणि या जातीची मुंगी आपल्याकडे असो की ऑस्ट्रेलियात, ती याच रीतीने शिवते. म्हणून हातात किंवा तोंडात वस्तू आहे एवढ्यावरून बुद्धी मोजू नये, असे माझे मत आहे. ती रीत त्या प्राण्याकडे कुठून आली, हे विचारावे.

हा प्रश्न घेऊन काँगोच्या गुआलोगो भागात जाऊ या. तिथे उधईची काही घरटी जमिनीखाली असतात, वर वारूळ दिसतच नाही. चिंपांझी आधी एक जाड काठी आणतो आणि आपण सब्बल रोवतो तशी हातापायांचा जोर लावून ती जमिनीत घुसवतो. भोक पडले की ती बाजूला ठेवतो आणि एका रानवनस्पतीचा बारीक, लवचीक देठ घेतो. त्या देठाचे टोक तो दातांतून ओढून पिंजतो, अगदी आपण सकाळी कडुनिंबाच्या काडीचा कुंचा करतो तसे, कारण पिंजलेल्या टोकाला उधई अधिक चावून बसते. एकाच कामाला दोन वेगळी अवजारे, तीही ठरावीक क्रमाने. गोम्बेत या कामाला एवढा खटाटोप करत नाहीत. गुआलोगोतल्या आया आपल्या हातातला तयार देठ पिल्लाला देतात, हे छुप्या कॅमेऱ्यांच्या चित्रणातून दिसून आले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. काही आया देठ उभा चिरून अर्धा पिल्लाला देतात, काही येतानाच जास्तीचे देठ घेऊन येतात. देठ गेला की आईच्या तोंडी कमी उधई पडते, म्हणजे ती स्वतःचे नुकसान सोसून हे करते. पुढे गोम्बेशी तुलना केली तेव्हा असे दिसले की जिथे काम अधिक अवघड आहे, त्या गुआलोगोतच आया अवजार अधिक वेळा देतात. मला स्वतःला या सगळ्या अभ्यासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, त्या लांबलचक काडीपेक्षाही.

चारोळी कोणी कोणी फोडली आहे? बायांचेच हात वर आहेत. पाट्यावर दाणा ठेवायचा आणि वरवंट्याने असा बेताने दाब द्यायचा की कवच फुटावे, पण आतला गर चेंगरू नये. जोर कमी पडला तर फुटत नाही, जास्त झाला तर पीठ होते. गिनीतल्या बोसू इथले चिंपांझी तेलताडाच्या बिया साधारण याच रीतीने, पण दगड आपटून फोडतात, त्यांचा पाटा दगडाचा आणि वरवंटाही दगडाचा. पाटा डगमगत असेल तर त्याखाली लहान दगडाची पाचर लावतानाही त्यांना पाहिलेले आहे. हे पिल्लाला बघताक्षणी जमत नाही. ते आईजवळ बसते, नुसती बी दगडावर ठेवते, नुसताच दगड आपटते, रिकाम्या पाट्यावर हात मारते, आणि साधारण तीन ते पाच वर्षांचे होईतो त्या तीन गोष्टींची सांगड बसते. सातेक वर्षांपर्यंत जमले नाही तर पुढे बहुधा जमतच नाही. आई मारत नाही, ओरडत नाही. आपल्या कामाच्या अगदी जवळ येऊ देते, फोडलेला गर उचलू देते. गोम्बेत तर असे आढळले की उधई काढण्याची विद्या मुली मुलांच्या दोन वर्षांहून अधिक आधी शिकतात, कारण मुली आईच्या हाताकडे टक लावून बसतात आणि मुलगे तेवढ्या वेळात उड्या मारत असतात. मागे बसलेल्या मास्तरांना हे नवे वाटणार नाही.

ही परंपरा जुनीही आहे. आयव्हरी कोस्टमध्ये ताई नावाचे जंगल आहे (आपल्या ताईशी त्याचा संबंध नाही). तिथे केलेल्या उत्खननात चिंपांझींनी वापरलेले सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचे दगड सापडले आणि ते २००७ मध्ये जाहीर झाले. त्या भागात तेव्हा शेतकऱ्यांची वस्ती नव्हती, म्हणून हे माणसाचे बघून घेतलेले उसने ज्ञान आहे असे म्हणता येत नाही.

कावळ्याविषयी विचारणारे नेहमी असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे डहाळीचा आकडा करून लाकडातल्या अळ्या ओढून काढतात. त्यांतल्या बेट्टी नावाच्या मादीने २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत सरळ तार वाकवून नळीतली लहानशी बादली वर काढली आणि जगभर तिचा गवगवा झाला, कारण हे तिला त्या क्षणी सुचले असे समजले गेले. पुढे २०१६ मध्ये दाखवण्यात आले की रानातून धरून आणलेले तिचे जातभाईही डहाळ्या वाकवतात. बेट्टीचे कौतुक त्याने संपत नाही, पण घाईने लिहिलेली वाक्ये मागे घ्यावी लागतात.

मग आपले वानर दगड का उचलत नाही? त्याला कारण नाही म्हणून. त्याच्या पोटाला कप्पे असतात, त्यात पाने आंबतात आणि पचतात. कवच फोडल्यावाचून त्याचे काही अडत नाही. वाघ दिसताच वानर झाडावरून जो खोकल्यासारखा आवाज काढते त्यावर चितळही सावध होतात, पण त्या शहाणपणाला काडी लागत नाही, म्हणून ते आपल्या मोजणीतून सुटते.

चिंपांझींच्या बाबतीत मात्र मोजण्याचे काम निकडीचे झाले आहे. १४४ समूहांच्या ३१ वर्तनांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे माणसाची ढवळाढवळ सर्वांत जास्त, तिथे एखादी अशी रीत आढळण्याची शक्यता सरासरी ८८ टक्क्यांनी कमी निघाली. संख्या घटली की शिकवणारे घटतात, हे त्यातले एक कारण असू शकते. बोसूचा समूह मुळातच विसाच्या आसपास होता. २००३ मध्ये श्वसनाच्या साथीत त्यातले पाच गेले. एखादी म्हातारी मादी मेली तर केवळ एक जनावर कमी होत नाही, कारण तिच्याजवळ बसून बी फोडायला शिकणारे पिल्लू कोणाकडे बघणार?

शेवटी पुन्हा आपल्या वारुळाकडे येतो. आपली अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. भारतातल्या इतर कोणत्याही अस्वलात ही रीत नाही. पिल्ले तिच्या केसांना घट्ट धरून बसतात आणि जवळपास दोन वर्षे तिच्याबरोबर राहतात. ती वारुळाशी थांबते आणि नखे मारते तेव्हा पिल्लू तिच्या खांद्याजवळ असते, आणि तिथून वारुळाचे भोक अगदी स्पष्ट दिसते.